मष्णुस आणि आप्पांचा उजवा हात

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०

दिवाळी संपली. आजपासून शिस्त.

फौंड्रीतली नोकरी सोडून वीस दिवस झाले. सोडली म्हणजे, मी सुपरवायझरला त्याची चूक तोंडावर सांगितली आणि त्याला ती सहन झाली नाही. बरंच झालं. नवरात्रात वडिलांना, आप्पांना, पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात गेला. घरात कुणीतरी हवंच होतं. माझी बायको मंजुश्री साडेआठच्या बसनं बेळगावला कापडाच्या दुकानात कामाला जाते ती सातला परत येते. म्हणजे मीच.

फिजिओथेरपीच्या प्रियदर्शनी मॅडमनी भिंतीवर तक्ता चिकटवलाय. ३१ जानेवारीपर्यंतचा. रोज तीन चौकोन. वीस वीस मिनिटं बोटं उघडायची, मनगट फिरवायचं, स्पंजचा बॉल दाबायला लावायचा. झालं की टिक. पहिले तीन महिनेच महत्त्वाचे, म्हणाल्या. मी सांगितलं, मॅडम, मला दोन बास.

टार्गेट : १२ जानेवारी. आमच्या कडोलीतलं साहित्य संमेलन. आप्पा मराठी शाळेत गुरुजी होते. संमेलनाच्या दारातला फळा बावीस वर्षं तेच लिहितात. यंदाही तेच लिहिणार.

६ नोव्हेंबर

तिन्ही टिका. आप्पांचं मधलं बोट हललं! मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, छान, सोडू नका.

मेव्हण्यानं, नागेंद्रनं, त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. आप्पांना जुनी नाटकं दाखवायला. त्यात रोमचा एक गेम आहे. गुलाम माणसाला आखाड्यात उतरवतात, हातात तलवार-ढाल देतात, भोवती हजारो लोक ओरडतात. पन्नास लढती जिंकल्या की सुटका. गेम नाव टाका म्हणाला. मष्णू टाकलं, सात अक्षरं हवीत म्हणाला. इंग्लिशमध्ये पुढं एस जोडला. मष्णुस!

आयुष्यभर ह्या नावावरनं चिडवून घेतलं. फक्त शेवटी स लावायचा होता.

११ नोव्हेंबर

मष्णुस नऊ लढती जिंकला. सकाळचा व्यायाम झाला. दुपारी आप्पांचा डोळा लागला होता, उठवणं बरं नव्हे. संध्याकाळचा उद्या डबल घेणार.

गेमचा आणि व्यायामाचा थेट संबंध आहे हे आज लक्षात आलं. दोन्हीकडं मेंदू बोटांना हुकूम देतो. मी जितका खेळेन तितका आप्पांचा हात मला समजेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मॅडम येऊन गेल्या. आता दर पंधरा दिवसांनी येणार. प्रगती आहे म्हणाल्या, पण चिकाटी पाहिजे. मी म्हटलं, मॅडम, चिकाटी म्हणजे मी.

त्या यायच्या आधी राहिलेल्या टिका केल्या. फसवणूक नव्हे. जे करायचं ठरलंच आहे त्याची नोंद.

२४ नोव्हेंबर. दुपार

जाळंवाल्यानं मष्णुसला सहा वेळा मारलं. एका हातात जाळं, दुसऱ्यात त्रिशूळ. जाळं अंगावर पडलं की सगळं संपतं. राजा अंगठा खाली करतो, म्हणजे ठार.

मधेच आप्पांनी दोनदा हाक मारली. आलो म्हटलं. गेलो तेव्हा ते स्वतःच डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं उघडत होते. बघून बरं वाटलं. पेशंट स्वावलंबी होतोय.

२ डिसेंबर

संकल्प. (१) आधी व्यायाम, मग गेम. (२) फक्त दोन लढती. (३) कॉम्प्युटर आप्पांच्या खोलीत हलवायचा, म्हणजे त्यांच्यावर लक्ष राहील.

तिसरा लगेच अमलात आणला.

५ डिसेंबर

आज मोठी गोष्ट. आप्पा खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, “हे बटण कशाचं रं?” स्पेसबार. ढाल वर करायचं. म्हणाले, “दे, मी धरतो ढाल.”

उजवा हात डाव्यानं उचलून की-बोर्डवर ठेवला. मी तलवार, ते ढाल. त्रिशूळ आला की मी “आप्पा!” म्हणायचो आणि ते दाबायचे. तीन वेळा दाबलं. त्या बोटानं! कपाळावर घाम आलता, आणि हसत होते. झटक्यानंतर पहिल्यांदाच.

चौथ्यांदा उशीर झाला. मष्णुस मेला. एकतिसावी लढत होती.

मी म्हटलं, आप्पा, ही लेव्हल टफ आहे, तुम्ही नुसतं बघा. रागानं नाही म्हटलं. त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. म्हणाले, “व्हय, तुझा खोळंबा हुतोय.”

मग बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले.

६ डिसेंबर

आप्पांना परत बोलावलं. नको म्हणाले, डोळे दुखतात.

१८ डिसेंबर

मंजुश्रीनं विचारलं, आप्पांची बोटं आत वळल्यागत दिसतात, व्यायाम नीट होतोय न्हवं? मी तक्ता दाखवला. तिनं बघितला. दिवसभर उभी राहून पाय सुजलेले, तरी आप्पांच्या हाताला तेल लावत बसली.

थंडीनं बोटं आखडतात. सगळ्यांचीच.

२७ डिसेंबर

उद्या मॅडम. आठवडाभराचे चौकोन रिकामे होते, भरले. हात लागलाच होता म्हणून पुढचेही भरून टाकले, अगदी ३१ जानेवारीपर्यंत. आधी टिक केली की माणूस बांधला जातो. हे मानसशास्त्र आहे.

मष्णुस : चव्वेचाळीस.

संध्याकाळी मॅडमचा फोन. घरी लग्न आहे, थेट ११ जानेवारीला येणार. म्हणजे आणखी पंधरा दिवस मिळाले. पंधरा दिवसांत पुष्कळ होतं.

४ जानेवारी

संमेलनाचे भरमूअण्णा आले होते. आप्पांना विचारलं, गुरुजी, फळ्याचं कसं करायचं? आप्पा माझ्याकडं बघत राहिले. मी म्हटलं, आप्पाच लिहिणार, निर्धास्त राहा.

ते गेल्यावर आप्पांनी पाटी मागितली. खडू बोटांत बसवून दिला. पडला. परत बसवला. पडला. तिसऱ्यांदा मी उचलायला वाकलो तर म्हणाले, “ऱ्हाऊ दे रं.”

उद्यापासून चार वेळा व्यायाम. पक्कं.

११ जानेवारी, शनिवार. दुपार

लिहावं की नको.

मॅडम आल्या. मंजुश्रीची सुट्टी होती. मॅडमनी आप्पांची मूठ उघडायला घेतली, उघडेना. जोर दिला तर आप्पा कळवळले. नोव्हेंबरमध्ये यापेक्षा मोकळा होता हात, म्हणाल्या. व्यायाम होतोय ना?

मी तोंड उघडायच्या आत आप्पाच बोलले. “घेतोय की पोरगं, रोज तीन डाव. माझंच अंग वळत न्हाय.”

बेचाळीस वर्षं शाळेत आणि घरात खोटं बोलणाऱ्याला कोपऱ्यात उभं करणारा माणूस.

मॅडम भिंतीजवळ गेल्या. तक्त्यावर बोट ठेवून एकेक टिक बघत चालल्या. आठ, नऊ, दहा, अकरा. बोट थांबलं नाही. बारा, तेरा, वीस, एकतीस. सगळ्या टिका केलेल्या.

मंजुश्रीला म्हणाल्या, जरा बाहेर येता का.

आप्पा खाली बघत होते. मी म्हटलं, मॅडमनी डिसेंबरमध्ये खाडा केला हेही एक कारण आहे.

१२ जानेवारी

संमेलन. फळ्याच्या जागी छापील फ्लेक्स लावलाय म्हणे. आप्पा गेले नाहीत. धोतर-कोट घालून अकरापर्यंत कट्ट्यावर बसले होते, मग आत येऊन कोट काढायला लागले. एका हातानं बटणं निघेनात. मी पुढं झालो. त्यांनी मंजुश्रीला हाक मारली.

१३ जानेवारी

बोरगावहून आक्का आली. माझी थोरली बहीण, आक्काताई. मंजुश्रीनं फोन केलता. आक्का मला एकच म्हणाली, “मष्णू, मी न्हेत्ये त्यास्नी.” मी म्हटलं, थोड्या दिवसांसाठी हवापालट चांगलाच.

पिशवीत कपडे, औषधं, स्पंजचा बॉल. बॉलच्या वरचं प्लॅस्टिक अजून तसंच होतं. ते मंजुश्रीनंच काढलं.

२६ जानेवारी, रविवार. सकाळी ११

बोरगावला फोन केला. आप्पांशीच बोललो. आवाज मोकळा वाटला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडतंय म्हणाले. पूर्ण नाही. सुपारीएवढं. हात पहिल्यासारखा होणार नाही असं तिथल्या डॉक्टरनी सांगितलंय, पण घास तोंडाशी येईल.

मी विचारलं, आक्कानं नवीन काय केलं? कुठलं औषध, कुठलं यंत्र?

“काय न्हाय रं,” म्हणाले. “समोर बसतिया.”

मी म्हटलं, आणि?

“आणि काय. बसतिया.”

शेवटी विचारलं, आप्पा, मी येऊ का न्यायला?

“आक्का, हे धर,” असं लांबून ऐकू आलं. मग फोन आक्कानं घेतला.