लेकीच्या अक्षराचे बिल्ले

हॅडलबरी,
२८ ऑगस्ट १६७२

चि. गिल्बर्ट यास थॉमसिनताईचे अ. उ. आ.

राजाची दवंडी तुमच्याकडे पोचली का? त्याचं नवं तांब्याचं नाणं निघालंय, दुकानदारांचे बिल्ले बंद! इतकी वर्षं सुट्ट्या पैशांची बोंब, म्हणून आमच्या गुत्त्याचे बिल्ले सारं गाव घेत होतं. एका बाजूला हंस, दुसऱ्या बाजूला ॲम्ब्रोझच्या नि माझ्या नावाचं पहिलं अक्षर. नवरा देवाघरी गेला, आता निस्तरायला मी एकटी. खाटीक, पाववाली सगळे बिल्ल्यांच्या थैल्या घेऊन दारात; चांदी दे म्हणतात. पाद्रीबुवांनी तर दानपेटीच ओतली.

पुढच्या महिनाअखेरच्या सेंट मायकेलच्या सणापर्यंत भागवलं नाही तर गुत्ता लिलावात जाईल. तू पडलास गाडीवान, तुझ्याकडे काय मागू? पण रडू कुणापाशी? आईला कळू देऊ नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई

क्रॉक्सी,
९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

आईचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. कागद वाजलेला ऐकला नि वाच म्हणून हटून बसली. बिल्ले बंद झाल्याचं गाळलं, पण गुत्ता जातोय हे तोंडून निघालंच.

तर म्हातारीनं पलंगाखालची पेटी ओढायला लावली! अंड्यांच्या विक्रीचे पैसे, म्हणे, जन्मभराचे. मी जोड्यांना पैसे मागितले की अनवाणी चाल म्हणायची, आणि निघाली सावकारीण! पेटी तूच उघडायची, मला किल्लीलाही हात लावू देत नाही. शेजाऱ्याच्या गाडीतून पाठवतोय. लेकीचं घर राखायलाच देवानं मला ठेवलं, असं भेटेल त्याला सांगते. लोभ आहेच, वाढव.

तुझा गिल्बर्ट

हॅडलबरी,
१६ सप्टेंबर

चि. गिल्बर्टास अ. उ. आ.

पेटी पोचली. सगळ्या घेणेकऱ्यांना मीच हौसेनं बोलावलं आणि त्यांच्यादेखत उघडली. आत सगळे आमचेच हंस रे! राजाचं एक नाणं नाही. पाववाली खो खो हसली, मग तिनंच मला खाली बसवलं.

तिनंच सांगितलं, आई इथल्या बाजारात राजाचं नाणं परत करायची आणि आमचाच बिल्ला मागायची. माझं अक्षर बोटानं चाचपायची, मगच अंडी द्यायची. कुणावर रागावू?

आईला सांग, पेटी अगदी वेळेवर आली, गुत्ता वाचला. मी कुठे राहायला जाईन ते ठरलेलं नाही. ठरलं की कळवीन, तेव्हा पत्र घेऊन बाहेर जा आणि मनातल्या मनात वाच. आईला जप.

तुझी ताई