परीलोकाचे चार दरबार आणि मी

३ ऑगस्ट, रविवार
मंडळाची मीटिंग झाली. हजर सगळे, विचार करणारा एकटा मी.
समोरच्या आळीतलं मंडळ गणपतीत यंदाही गडावरची लढाईच करणार. तेच मावळे, त्याच पुठ्ठ्याच्या तलवारी. आमच्या लोकांची झेप एवढीच, की आपणही लढाई करू, पण मावळे जास्त घेऊ. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना गार केलं. यंदाचा आपला जिवंत देखावा : 'परीलोकाचे चार दरबार'. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शिशिर. प्रत्येक ऋतूचा दरबार वेगळा, त्याची राणी किंवा राजा वेगळा. सगळ्यांना पंख.
शांतता पसरली. भारावल्यामुळे असावी.
अध्यक्ष गोरख टेम्पो चालवतो, त्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही. म्हणाला, "नाना, परी म्हंजी नक्की कोन? आपल्या पाण्यातल्या आसराच का?" कुठे नदीकाठच्या शेंदूर फासलेल्या देवी, कुठे परी! परी ही इंटरनॅशनल गोष्ट आहे, हे मी त्याला समजावलं. दुसरं कुणी काही सुचवलं नाही. याला एकमत म्हणतात.
कल्पना संपूर्ण माझी. आमची सृष्टी अकरावीत आहे, इंग्रजी जाडजूड पुस्तकं वाचते, आणि परवा जेवताना तिने स्वतः रचलेली ऋतूंच्या दरबारांची एक गोष्ट आईला सांगत होती, हे खरं. पण ती फक्त गोष्ट होती. कल्पना मला सुचली, ताकभात कालवताना.

७ ऑगस्ट, गुरुवार
संकल्प : रोज स्क्रिप्टचं एक पान. आज झालं नाही, कारण घरचं वातावरण कलेला पोषक नाही. सौदामिनी म्हणते, ऋतू सहा असतात, तुमचे दोन कुठे सांडले? बायकोला पाठांतर आणि साहित्य यातला फरक कळत नाही.
मांडव घालणारे गेनूबाबा वेगळंच बोलले. "आमच्यात तीनच. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. बाकीचं ऑफिसातल्या मानसांस्नी."
दोघांनाही सांगितलं, स्टेजवर चारच दरबार मावतात. ऋतूंनी ॲडजस्ट करावं.

१२ ऑगस्ट, मंगळवार
कास्टिंग पूर्ण. वसंतराणी : सुलक्षणा, शिवणक्लासवाली. सगळ्यांचे पंखही तीच शिवणार, हा निव्वळ योगायोग. ग्रीष्मराजा : सोमनाथ. वडे तळतो, घामाची सवय आहे. वर्षाराणी : सगुणाबाई. उत्रोलीहून भाजी घेऊन येतात. हौदात बसून डोक्यावर पाइपचं पाणी घ्यायला दुसरं कुणी तयार होईना. शिशिरराजा : गेनूबाबा. दाढी ओरिजिनल.
ऋतुसम्राट : मी. चारही दरबारांवर माझी सत्ता, मधोमध सिंहासन. स्वगत लांबलंय, पण सम्राट थोडक्यात बोलत नाहीत.
सृष्टीला ऋतुकन्या देऊ केली. माझ्या पायाशी बसून चवरी ढाळायची. तिने स्क्रिप्ट वाचलं आणि म्हणाली, "पप्पा, माझ्या गोष्टीत सम्राट नाहीच. एका दरबाराचं दुसऱ्यावाचून चालत नाही, म्हणून कुणी कुणावर राज्य करत नाही. तीच तर गोष्ट आहे." मी म्हणालो, बाळा, भोरच्या पब्लिकला कुणीतरी एक मुख्य लागतो. म्हणाली, "पब्लिकला की तुम्हाला?" आणि ताटावरून उठून गेली.
जास्त वाचनाने मुलं उद्धट होतात.

१८ ऑगस्ट, सोमवार
सृष्टी समोरच्या मंडळात गेली. त्यांच्या लढाईचं निवेदन आता तिच्या आवाजात.
मी याचा अजिबात विचार करत नाही.
सौदामिनीने विचारलं, "गोष्ट घेतलीत, पण तिला एकदा विचारलं होतंत का?" म्हटलं, गोष्ट म्हणजे काय स्कूटर आहे, विचारून न्यायला? यावर ती गप्प बसली. गप्प बसून बोलण्याची तिची ही पद्धत मला पसंत नाही.
संकल्प : त्या मंडळाच्या मांडवावरून जायचं नाही. ऑफिसला नदीकडून वळसा घालून गेलो. लेट मार्क. साहेबांना कारण सांगितलं नाही. त्यांनाही कलेतलं काही कळत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार
रंगीत तालीम. जिवंत देखाव्यात आवाज आधी रेकॉर्ड करतात, पात्रांनी नुसते ओठ हलवायचे. रेकॉर्डिंगच्या दिवशी मला सर्दी होती. त्यामुळे 'मी सम्राट' हे 'बी सब्राट' असं आलंय. गोरख म्हणतो, पुन्हा करू. मी म्हणतो, आवाजाला वजन आलंय.
सुलक्षणाचे पंख सोमनाथच्या पंखांत अडकले. वसंत आणि ग्रीष्म पाठीला पाठ लावून बसून राहिले, शेवटी कात्री आणावी लागली. गेनूबाबा सिंहासनावर झोपले. शिशिरात सृष्टी झोपते, म्हणून मी तो अभिनय धरला.
सृष्टी म्हणजे निसर्ग. आमची नव्हे. आमची सध्या घरी फक्त जेवायला असते, आणि मीठ आईकडे मागते, बरणी माझ्यापुढे असली तरी.

३० ऑगस्ट, शनिवार
काल देखावा खुला झाला. स्वगत सुरू झालं तेव्हा गर्दी होती. मध्यावर एक कुटुंब होतं. शेवटी त्या कुटुंबातले आजोबा होते, तेही चप्पल शोधत होते. दर्जेदार प्रेक्षक नेहमी कमीच असतो.
रात्रभर पाऊस. मांडव नेमका ग्रीष्माच्या दरबारावर गळला. गेनूबाबांना जाब विचारला तर म्हणाले, "पावसाला काय म्हाईत, कुनाचा दरबार हाय!"
समोरच्या मंडळाने लाउडस्पीकर मुद्दाम आमच्याकडे वळवलाय. सृष्टीचं शब्द न् शब्द ऐकू येतं. निवेदन सामान्य आहे. आवाज बरा आहे. बराच बरा आहे.

३ सप्टेंबर, बुधवार
आज जे घडलं ते अत्यंत आक्षेपार्ह आहे. नीट लिहितो.
गौरी गेल्या की आजूबाजूच्या गावांतल्या बायका देखावे बघायला भोरला येतात. त्यांत एक म्हातारी होती. फुलाबाई नाव, गुंजवण्याकडच्या, उत्रोलीला लेकीकडे आल्या होत्या. माझं स्वगत ऐन रंगात आलेलं. ही बाई सरळ माझ्यासमोरून चालत वर्षाराणीच्या हौदापाशी गेली. सगुणाबाई निळ्या लुगड्यात, डोक्यावर पाणी पडतंय, मागे जाळीचे पंख. म्हातारीने हात जोडले.
"आमच्या आसरा धरनात बुडाल्या गं बाय. जागाच गेली. ओटी कुठं भरावी म्हून इचारलं, तर कोन सांगंना. हितं येऊन बसलीस व्हय?"
मी खुणेने सगुणाबाईंना सांगितलं, हलू नका. पात्राने पात्रात राहावं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भिजलेला पदर पुढे पसरला आणि रेकॉर्डिंगमध्ये कुठेही नसलेलं वाक्य बोलल्या, "भर आई. म्या हाय हितंच."
पिशवीत लेकीने दिलेला नारळ होता, तांदूळ होते. म्हातारीने ओटी भरली. मग शेजारची बाई पुढे आली, मग तिच्या मागची. थोड्या वेळात रांग चौकापर्यंत गेली. कितीतरी जणी रडत होत्या. सगळ्यांची पाठ माझ्याकडे. वर स्पीकरवर मी गरजतोय, "चारही दरबारांचा बी सब्राट!"
गोरख वाकून आला. म्हणाला, "नाना, सम्राट जरा बाजूला सरकतोय का? रांगंला वाट पायजे."
अंधश्रद्धा! इंटरनॅशनल कल्पनेची ही गत. उद्या राजीनामा.

४ सप्टेंबर, गुरुवार
राजीनामा दिला नाही. गोरख भेटला नाही. म्हणजे भेटला, पण तो नारळ उतरवत होता. माझ्या सिंहासनावर.
संध्याकाळी सृष्टी आमच्या मांडवात आली. मला वाटलं, माझ्याकडे. ती फुलाबाईंकडे गेली. म्हातारी आज पुन्हा आली होती. दोघी पायरीवर बसून होत्या. कुठल्या वळणावर जागा होती, पाणी चढलं तेव्हा शेवटचा दिवा कुणी लावला, सृष्टी एकेक विचारत होती. पुन्हा पुन्हा विचारत होती, "आजी, मी हे सांगू का लोकांना? चालेल तुम्हाला?" म्हातारी म्हणाली, "सांग की. त्येवढंच ऱ्हायलंय."
मी जवळच उभा होतो. वायर गुंडाळत. गुंडाळायला वायर फार नव्हती.

५ सप्टेंबर, शुक्रवार
माझं रेकॉर्डिंग काढलं. गोरख म्हणाला, "रागावू नगा नाना, लोकं हसत्यात." आता निवेदन सृष्टीचं, समोर उभं राहून, माइकवर. चार दरबार होते. वर्षाच्या दरबाराची जागा एक दिवस पाण्याखाली गेली. मग बाकीच्या तिघांनी आपापल्या जागेतला तुकडा तिला काढून दिला. वसंताने सावली दिली, ग्रीष्माने उंबरा, शिशिराने रात्र. एवढंच. स्वगत नाही, सम्राट नाही, उपदेश नाही. तंत्राच्या दृष्टीने कच्चं.
चौकात माणूस हलत नव्हता. समोरच्या मंडळाचे मावळे तलवारी काखेत मारून ऐकत उभे होते.
माझ्याकडे पाण्याचा पंप आहे. सृष्टीने 'पाणी चढलं' म्हटलं की चालू करायचा. अत्यंत जबाबदारीचं काम. आज मात्र मी उशिरा चालू केला, कारण ऐकत होतो. म्हणजे बटण घट्ट होतं. डोळ्यांत गेलं ते पाइपचंच पाणी. सौदामिनीने रुमाल दिला.

७ सप्टेंबर, रविवार
काल विसर्जन, आज सकाळी देखाव्यांच्या स्पर्धेचा निकाल. पहिलं बक्षीस समोरच्या लढाईला. परीक्षकांबद्दल न लिहिलेलं बरं. निवेदनाचं खास बक्षीस सृष्टीला. तिने माइकवर आभार मानले : फुलाबाई, सगुणाबाई, गेनूबाबा, सुलक्षणाताई, सोमनाथदादा. मग थांबली. मी शर्टाची बटणं नीट केली. म्हणाली, "आणि माझी गोष्ट मला परत मिळाली, त्याबद्दल मंडळाचे आभार."
मंडळ म्हणजे त्यात मी आलोच.
घरी जेवताना म्हटलं, चुकून तुझी गोष्ट घेतली असेल मी. वाक्य अधिक भारदस्त करणार होतो, पण तेवढंच निघालं. ती म्हणाली, "चुकून?" मी म्हटलं, बरं, घेतली. तिने बरणी ओढून माझ्या पानात मीठ वाढलं. मीठ मी मागितलं नव्हतं. वरण खारट झालं. खाल्लं.
संध्याकाळी मीटिंग. पुढच्या वर्षी गडावरची लढाई करायची, असं एकमताने ठरलं. मी विरोध केला, कुणाला ऐकू गेला नाही. स्क्रिप्ट सृष्टी लिहिणार. लढाईत हत्ती आहे. तिने स्वतः उठून माझं नाव सुचवलं.
मागचे पाय.
पुढचे पाय गोरख. शेपटीची दोरी मात्र पूर्णपणे माझ्या ताब्यात असेल, हे मी लेखी मागून घेतलंय.