‘भ’चं खोकं

मी, सदानंद प्रल्हाद रणदिवे, वय ७९, मराठी-जपानी शब्दकोशाचा कर्ता आणि इथल्या मराठी मुलांच्या अभ्यासपुस्तकांचा प्रकाशक, मुक्काम ओजिमा, तोक्यो, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, कारण माझ्या शुद्धीबद्दल चिरंजीवांना बरीच वर्षं शंका आहे.

१. पुण्याचा फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक मुलगा सारंग याला. कोशासाठी त्याने आजवर "बाबा, पुढच्या वीकेंडला स्कॅन करू" एवढंच केलं. कोशाला त्याने हात लावू नये.

२. उरलेली अभ्यासपुस्तकं इथल्या रविवारच्या मराठी वर्गाला. तिसरीच्या पुस्तकात घड्याळ उलटं छापलंय. छापखान्याने चूक कबूल केली नाही, मीही त्यांना माफ केलेलं नाही.

३. कोशाच्या चिठ्ठ्या. तीस वर्षांचं काम, बुटांच्या बेचाळीस खोक्यांत. त्यातलं ‘भ’चं खोकं दोन वर्षांपूर्वी सूनबाई नेत्राने पालिकेची गाडी रद्दी न्यायला येते त्या दिवशी खाली नेऊन ठेवलं. गाडी आली आणि भाकरी, भांडण, भूक, सगळं घेऊन गेली. "बाबा, दोरीने नीट बांधलं होतं हो, नियमाप्रमाणे," म्हणाली. डोंबलाचा नियम! चिठ्ठ्या मी वाया गेलेल्या प्रुफांच्या पाठीवर लिहितो, आणि खोकं दाराशी मीच ठेवलं होतं, हे खरं. तरी दोन वर्षं मी तिच्याशी चहापुरतंच बोललो.

गेल्या महिन्यात साखर शोधताना ओट्याखालच्या खणात तिच्या वह्या सापडल्या. ‘भ’चे हजारावर शब्द. आईला फोन करकरून, स्टेशनवर भेटेल त्या मराठी माणसाला विचारून जमवलेले. त्यात ‘भसकन’ आहे, तो माझ्याकडे नव्हताच. मला रडू आलं, आणि त्याचाही राग आला.

सबब सर्व खोकी, कोशाचे हक्क आणि तो पुरा करण्याचं काम नेत्राला. मुखपृष्ठावर तिचं नाव माझ्या आधी.

४. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष चालत नाही, असं वकील सांगतात. मघाशी नेत्रा पेन घेऊन आली. "बाबा, मी करते ना सही." मी म्हटलं, "तुझी नको." बिचारी मान खाली घालून आत गेली. तिला वाटतंय, म्हातारा अजून त्या खोक्यावरच अडून बसलाय.

मी मरेपर्यंत तिने असं का समजायचं? साक्षीदारांनो, सह्या आटपा. मला हा कागद घेऊन स्वयंपाकघरात जायचंय.

(सही) सदानंद प्रल्हाद रणदिवे
साक्षीदार: (सही) गुणवंत सोहोनी, शेजारी
(सही) अस्मिता दांडेकर, रविवारच्या वर्गाच्या शिक्षिका
ओजिमा, १२ नोव्हेंबर २०२४