एक्केचाळीस दिवस, पाचपैकी पाच

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५

दुपारी बारा चाळीस. फोन रोहिणीच्या नंबरावरून, आवाज परक्या बाईचा. जसोदाबाई, खांडबारा स्टेशनबाहेर भाजी विकतात. तुमची सून सकाळच्या गाडीनं उतरली, चार तास बाकावर बसलीय, सातव्या महिन्यातली बाई आणि पाण्याचा घोटही घेत नाही, असं म्हणाल्या. मी इथे नंदुरबारात समजत होते, दवाखान्यात तपासणीला रांग असेल!

खांडबारा तिचं माहेर. स्टेशनापासून घर दहा मिनिटांवर. तरी बाकावर — पोटुशी लेक एकटी आली म्हणजे गल्ली काय बोलेल, या भीतीनं.

गाडी करून पोचले तोवर तिची आई बेबीबाई तिला घरी घेऊन गेली होती. दारातच मला म्हणाली, "विहीणबाई, च्या पी ल्या. पोर आते आठेच ऱ्हाई." म्हणजे लेक आता इथेच राहणार.

चार वाजता रोहिणीच्या फोनवर गर्भवतींच्या त्या अॅपचा संदेश आला: सलग एक्केचाळीस दिवस! तुमचं मन प्रसन्न आहे.

प्रसन्न. स्टेशनच्या बाकावर प्रसन्न.

बुधवार, १२ नोव्हेंबर

अॅपवाल्यांकडे तक्रार लिहिली. चार पानं, ईमेलनं पाठवली.

सहाव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी हे अॅप फोनमध्ये घालून दिलं. गर्भवतीच्या मनासाठी म्हणे. दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायचं, मग पाच प्रश्न. एक गोड आवाज सांगतो, "तुम्ही समुद्रकिनारी उभ्या आहात." रोहिणीनं समुद्र पाहिलेला नाही. आणि पाय सुजलेल्या बाईला उभं कशाला करता? उत्तरं वाईट आली तर समुपदेशक फोन करील, असं कबूल केलं होतं. एकानंही केला नाही.

आमच्याकडून कसूर नाही. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं मी, त्याआधी नन्सच्या हाताखाली वाढले. रोज चारला तिला खुर्चीत बसवायची, चष्मा लावून शेजारी बसायची. एक दिवस चुकू दिला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करतात म्हणून सातव्यात पाठवा, असं बेबीबाई दोनदा म्हणाली. नाही पाठवली. इथे दवाखाना हाकेवर आहे, तिथे काय आहे?

गुरुवार, १३ नोव्हेंबर

भाग्येशचा सुरतहून फोन. "मम्मी, आधी तिचं बघ, मग अर्ज लिही." बायको खांडबाऱ्यात, हा सुरतेत, आणि बघायचं मी!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

अॅपच्या कार्यालयातून जगदीश नावाच्या माणसाचा फोन. नम्र होता, त्यानं आणखीच संताप आला. त्यानं नोंदी वाचून दाखवल्या. भीती वाटते? नाही. रडू येतं? नाही. झोप? छान. एक्केचाळीस दिवस, पाचपैकी पाच. "अशा बाईला आम्ही कशासाठी फोन करायचा, मॅडम?"

वर म्हणाला, पहिले सहा दिवस आधी वेगळं दाबलंय, मग बदललंय.

तुमचं यंत्र खोटारडं आहे म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

शनिवार, १५ नोव्हेंबर

डिंकाचे लाडू घेऊन खांडबाऱ्याला गेले. रोहिणी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सरळ विचारलं: खोटी उत्तरं का दिलीस?

सोलता सोलता, वर न बघता म्हणाली, "मी खरंच दाबं व्हतं, मम्मी. तुम्हीनच खोडं."

मला आठवलं. म्हणजे विसरले नव्हतेच. पहिल्या दिवशी "रडू येतं का?" याला तिनं "रोज" दाबलं होतं. मी म्हटलं, हे चूक आहे, या घरात रडण्यासारखं काय आहे? नाही दाब. पेपरातल्या चुकीवर ठेवायचे तसं बोट ठेवलं मी काचेवर. सहा दिवस. सातव्या दिवशी तिनं आपण होऊन "नाही" दाबलं, आणि मला बरं वाटलं — पोरगी शिकली. शेजारणीला सांगितलं, आमच्या रोहिणीला पैकीच्या पैकी असतात.

लाडवाला तिनं हात लावला नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बेबीबाईचा फोन. काल रोहिणीनं दार लावून एकटीनं प्रश्न सोडवले. अर्ध्या तासात समुपदेशक बाईचा फोन. रोहिणी तासभर बोलत होती. काय बोलली, म्हटलं. "मी काय इचारं नही," बेबीबाई म्हणाली. चौथी शिकलेली बाई. तिला न विचारणं जमलं.

त्या तासात माझं नाव किती वेळा आलं असेल?

तक्रार मागे घेतली. समुद्राचा परिच्छेद तेवढा ठेवायला सांगितला. तो बरोबर आहे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

रोहिणीनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. अक्षर स्वच्छ, एकही खाडाखोड नाही. उतरवून ठेवते:

"बाळंतपण इथेच होईल. नंतर मी नंदुरबारला यावं असं वाटत असेल, तर मी फोनवर काय उत्तर दिलं आणि कुणाशी काय बोलले, हे तुम्ही कधीही विचारणार नाही, असं सहीनिशी लिहून पाठवा. तोंडी चालणार नाही. शनिवार, २२ नोव्हेंबर, संध्याकाळी पाचच्या आत."