झेंडू की आकाश

सॅन अँटोनियो, टेक्सस

प्रिय कासिमिरो,

मेलेल्यांना निरोप पाठवायची आपल्याकडे चांगली सोय आहे. मृतांच्या सणाला फोटो मांडायचा, पुढे गोड पाव आणि दारूचा पेला ठेवायचा, आणि वर्षभराची गाऱ्हाणी एका दमात ऐकवायची. बाबांना मी तशीच ऐकवते. हयातीतही ते मध्ये बोलत नसत. तुझी पंचाईत वेगळी. लारेडो गावच्या नाचात बाबांसोबत वाजवून झाल्यावर तू अ‍ॅकॉर्डियन गाडीत ठेवलंस आणि स्वतः चढला नाहीस, त्याला सव्वीस वर्षं झाली. पण आईने तुझा फोटो त्या मांडणीत एकदाही ठेवू दिलेला नाही. "खाल्लेलं ताटही न धुता गेलेला पोरगा मेला कसा असेल?" असं ती दरवर्षी फादरनाही विचारते.

यंदा मात्र प्रकरण भिंतीवर गेलं. कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या लांब भिंतीवर वस्तीतली पोरं आपल्या जुन्या वादकांचं चित्र काढतायत. ज्यांना लग्नात वाजवून झाल्यावर मागच्या दाराशी उभ्याने जेवण मिळायचं, त्यांचे चेहरे आता छपराला टेकलेत. ज्या हॉलमध्ये आपल्या मेक्सिकन लोकांना नाचायला मज्जाव होता, त्याच हॉलच्या मालकिणीने रंगासाठी देणगी दिली आणि कोपऱ्यात स्वतःचं नाव लिहायला लावलं, बाबांच्या बुटांपेक्षा मोठ्या अक्षरांत. बाबा बारा तारांची गिटार घेऊन उभे आहेत, जन्मात हसले नव्हते तेवढे हसतायत. मधोमध तू. शेजारची चेला म्हणाली, "तुझा भाऊ पळाला तो पळाला, आणि जागा बघ कुठली पटकावलीय."

पोरांची म्होरकी यारित्सा. शाळेत जाते, पण हुकूम सोडते कारखानदारासारखे. तिचा नियम साधा: जो गेला त्याच्या पाठीमागे झेंडूची फुलं, जो हयात आहे त्याच्या पाठीमागे निळं आकाश. ती घरी आली आणि म्हणाली, "आजी, कासिमिरोंच्या मागे काय काढू?" आई म्हणाली, "आकाश. त्यात विचारायचं काय?" मी पोरीला दारापर्यंत सोडायला गेले आणि हळूच म्हटलं, थांब जरा. भिंतीने खोटं बोलू नये वगैरे काहीतरी शहाणपणाचं बोलले. खरं म्हणजे मला भीती वाटली, आकाश काढलं आणि तू मेलेला निघालास तर? तेव्हापासून तुझ्यामागे नुसता पांढरा चुना. बाकीचे भिंतीत मुरले; तू एकटाच पुढे आल्यासारखा दिसायचास, आत्ता उतरून चालू लागशील असा. धुणं घेऊन येणाऱ्या बायका तुझ्यासमोरून जाताना छातीवर क्रूस काढायच्या. आई रोज दुपारी घडीची खुर्ची नेऊन समोर बसायची, जेवलास का म्हणून विचारायची. एकदा परत येऊन म्हणाली, "आज तो डावीकडे बघत होता." मी म्हटलं, रंग ओला असेल. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. तू डावीकडेच बघत होतास. आधी कुठे बघायचास, ते मला आठवेना.

मग तो तीळ. पोरांनी ज्यावरून चित्र काढलं त्या आमच्याकडच्या फोटोत तुझा उजवा गाल सावलीत आहे. भिंतीवर मात्र त्या गालावर, कानाजवळ, तीळ उगवला. तो ठाऊक असलेली माणसं म्हणजे आई, मी आणि लारेडोतल्या काही बायका. यारित्साला गाठलं. ब्रश धुता धुता ती म्हणाली, "मावशी, एक काका आले होते. ट्रक चालूच ठेवून उतरले. म्हणाले, तीळ राहिला. शिडीवर चढून, बोट ठेवून जागा दाखवली. मी म्हटलं, ओळखायचात का यांना? म्हणाले, थोडंफार." कधी आले? रविवारी सकाळी, आई चर्चमध्ये असते तेव्हा. तिची वेळ तू विसरलेला नाहीस. घर दोन गल्ल्यांवर आहे, तेही विसरला नसशील. ट्रकच्या दारावर कॉर्पस क्रिस्टी शहरातल्या एका छपरं बसवणाऱ्या कंपनीचं नाव होतं. हे पत्र तिथेच धाडतेय. तिथे तू कुठल्या नावाने वावरतोस देव जाणे, म्हणून पाकिटावर "कानाजवळ तीळ असलेल्या गृहस्थास" असं लिहिलंय. लोक हसतील. हसू देत.

तू जिवंत आहेस एवढ्यासाठी मी कागद खराब केला नसता. शिव्या मनातल्या मनातही देता येतात. यारित्साने पुढचं सांगितलं म्हणून लिहितेय. तिने त्या काकांनाच विचारलं होतं, मागे झेंडू काढू की आकाश? ते म्हणाले, "झेंडू काढ, पोरी. दाट काढ." मी तिला आकाश काढायला लावलं. शेवटचा हात फिरेपर्यंत आई बघत बसली, मग खुर्ची मिटून घरी गेली, आणि त्यानंतर भिंतीकडे फिरकलेली नाही. म्हणते, "जिवंत माणसाशी भिंतीसमोर बसून काय बोलायचं? घरी आला की बोलेन." तू येऊन गेलास हे मी तिला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. झेंडूच हवे असतील तर पिवळा रंग शिल्लक आहे. ये, आणि आईसमोर उभा राहून माग.

तुझीच, सुटका नसलेली बहीण,
एर्लिंदा