चंद्रमतीच्या जागी

तंजावूर, १२ जुलै २०२५

चि. नित्यास अ. उ. आ.

काल तुझ्या काकीचा तेरावा झाला. आज सगळे गेले. सकाळी पाणी भरलं, दुपारी पडून राहिलो.

जाताना तिचा भाऊ रघोजी म्हणाला, अक्का गेली, आता तो खटलाही संपवा. गांजाच्या खटल्यात घराण्याचं नाव पेपरात आलेलं त्याला सोसत नाही. तुला 'गांजा वक्कील' म्हणतो. चंद्रमती असती तर हसली असती. मलाही वाटतं, जिच्यासाठी करायचं तीच राहिली नाही. राहू दे.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच.

तुझा काका
अनिरुद्धराव

चेन्नई, १८ जुलै

ती. काकांस सा. न.

मामांना सांगा, गांजा वक्कील दोन्ही वेळा जेवते.

अर्ज काकीच्या नावावर आहे. तिच्या जागी तुम्ही उभे राहिला नाहीत तर तो बंद होईल. आपण ओढायला गांजा मागत नाही. केमोनंतर ज्यांच्या पोटात अन्न ठरत नाही, त्यांना डॉक्टरांच्या हातून त्याचं औषध मिळावं, एवढंच. कुणी ते आडमार्गानं आणून देत होतं, तेव्हा काकी म्हणाली, मी चोरून घेतलं तर बाकीच्यांनी काय करायचं?

मामांनी गल्लीत लावलेल्या निधनाच्या पोस्टरवर 'शांतपणे देवाघरी' छापलंय. सगळ्यांना तसंच वाटतं. कोर्टाला वाटायला नको. शेवटचा महिना तुम्हीच पाहिलात. जमलं तर ते शपथपत्रात लिहा, जबरदस्ती नाही.

माया असू द्या.

आपली
नित्या

तंजावूर, २५ जुलै

चि. नित्यास अ. उ. आ.

शपथपत्र सोबत आहे. नोटरीसमोर सही केली.

घडलं तसं लिहिलं. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून ती टॉवेल तोंडात धरायची. मॉर्फिननं गुंगी यायची, उलटी थांबायची नाही. शिजत्या भाताचा वासही सोसायचा नाही, म्हणून मी स्टोव्ह मागच्या अंगणात नेला होता. तिथेच उभ्यानं खायचो. भावाचा फोन आला की मात्र, बरी आहे म्हणून सांगा, म्हणायची.

रघोजी आला होता. त्यानं वाचलं. मला का नाही सांगितलंत, म्हणाला. तिनं नको म्हटलं होतं, मी सांगितलं. कॉफी न घेताच गेला. पाठवू नका, असं मात्र म्हणाला नाही.

तारीख कळव. मी येईन. कोर्टात बोलता येईल की नाही, ठाऊक नाही.

आठवण ठेव.

तुझा काका

ता. क. स्टोव्ह आत आणला. आज भात स्वयंपाकघरात लावलाय. वास घरभर झाला आहे. एकच पान मांडलं आहे, वाढून घेतो.