रौशन डॉक्टर झाली त्याची हकिगत

शिमकेंत, रविवार

आदरणीय तोलेगेन आगा यांना, तुमच्या बहिणीचा नवरा कैरोल्ला याचा मनापासून सलाम.

मेंढरं, घोड्या आणि वहिनी सगळी धडधाकट असतील अशी आशा. (क्रम तुमच्याच घरचा आहे.) माझा गुडघा कुरकुरतो, पण आज त्याचं ऐकतो कोण! आपली रौशन डॉक्टर झाली!

गावभर सांगत सुटाल, म्हणून आधीच बजावतो: रक्तदाब तपासणारी नव्हे, धंद्यातली डॉक्टर. "पन्नाशीच्या बाईला शाळा कसली?" असं तुम्ही म्हणाला होतात. आगा, या पदवीला कोवळी पोरं घेतच नाहीत. आधी बरीच वर्षं कारभार हाकलेला असावा लागतो, आणि शिकताना तो सोडायचाही नसतो. पहिली दोन वर्षं दर महिन्याला अल्माटीत चार दिवस वर्ग. रौशन आपला कुरुताचा, खारवून वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांचा, कारखाना माझ्यावर टाकून आगगाडीनं जायची. (कारखाना तरला. एक शीतखोली बंद पडली, पण ती आपणहून.) वर्गात धंद्याच्या गोष्टी होत्याच, पण माहिती कशी गोळा करायची आणि तिच्यावर कितपत विश्वास ठेवायचा, हे जास्त. मग मोठी परीक्षा, मग संशोधनाचा आराखडा, आणि तो मंजूर झाला तरच प्रबंध. पीएचडीवाले नवा सिद्धांत शोधतात म्हणे. हिनं मात्र आपल्याच कारखान्याचं खरं दुखणं घेऊन त्यावर उपाय करून बघायचा. दुखणं तिनं निवडलं: चांगली माणसं आपल्याकडे टिकत का नाहीत?

आता मालकीणच विचारायला बसली तर खरं कोण बोलणार? म्हणून एका परक्या बाईंनी सगळ्यांच्या मुलाखती घेतल्या, नावं गुप्त ठेवून. विक्री मी बघतो, तेव्हा मलाही बसवलं. बाई फार गोड. चहाच्या दुसऱ्या वाटीला मी पाघळलो आणि बोलून गेलो, "डायरेक्टरबाई सगळं आधीच ठरवतात, आणि मग बैठक बोलावून आमचं मत विचारतात."

हे वाक्य प्रबंधात छापून आलं, आगा! अवतरणचिन्हांसकट!

परवा तोंडी परीक्षा झाली. मी नवा चापान, तो सणासुदीचा लांब अंगरखा, घालून मागे बसलो होतो. एका परीक्षकानं चष्मा पुसला आणि नेमकं तेच वाक्य वाचलं. "हे कोण म्हणालं?"

"माहीत नाही, आणि शोधणारही नाही," रौशन म्हणाली. "वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग चीज विभागाचे निर्णय तिथल्याच लोकांवर सोपवले. त्यानंतर तिथून कुणी सोडून गेलेलं नाही."

माझे डोळे भरून आले, आणि घोड्यांच्या शर्यतीत मारतो तशी मी दणदणीत शिट्टी मारली. रखवालदारानं मला बाहेर काढलं. तिला "डॉक्टर" म्हणून पहिली हाक मारली गेली, ती मी दाराच्या फटीतून ऐकली. आगा, असं ऐकायला मी जन्मभर बाहेर उभा राहीन.

तुमचा,
कैरोल्ला

ता. क. : घोडीचं दूध पुरवता म्हणून मुलाखत तुमचीही झाली होती. रौशननं विचारलंच, तर ते वाक्य तुमचं म्हणून सांगा. थोरल्या भावाला ती काही बोलायची नाही.

ता. क. २ : बक्षीस द्यायची भाषा केली, तर मात्र माझं.

ता. क. ३ : आगा, मी रौशन. यांनी पत्र टपालात टाकायला माझ्याकडेच दिलं, तेही उघडं. ते वाक्य जवळजवळ सगळ्यांनीच म्हटलं होतं. मी त्यातलं सर्वांत सौम्य घेतलं. एक तर छापण्याजोगंच नव्हतं, घोडीला हाकताना वापरतात त्या भाषेतलं. ते कुणाचं, हे ओळखायला डॉक्टरेट लागली नाही.